दिल्लीत कधीपर्यंत?

दिल्लीतल्या मुनिरक्यात आमच्या मराठी मंडळाच्या चार भाड्याच्या खोल्या होत्या. उपचारांसाठी महाराष्ट्रातून दिल्लीला येणाऱ्या रुग्णांना आणि त्यांच्या सोबतच्या माणसांना आम्ही त्या देत असू. कोण कधी आलं, किती दिवस राहिलं, कोणती खोली किती दिवस रिकामी होती, ही नोंद माझ्याकडे असे. मी मंडळाचा चिटणीस, आणि नोकरीतही माझं काम आकडेवारीचंच.

त्या डिसेंबरात घरमालकाने निरोप धाडला. एका कोचिंग क्लासला त्याच्याकडे जागा हवी होती. मी भेटायला गेलो तेव्हा तो स्पष्टच बोलला, ‘‘मंडल-वंडल मैं नहीं जानता. एक आदमी बताओ जो पाँच साल यहीं मिलेगा. वो साइन करे. नहीं तो महीने के आख़िर में खाली. इतवार शाम पाँच बजे तक फ़ोन कर देना.’’

तळमजल्याच्या खोलीत तेव्हा लातूरकडच्या एक बाई नवऱ्याला घेऊन राहत होत्या. नवऱ्याच्या मणक्याच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या, तिसरी व्हायची होती. डॉक्टरांनी अजून सात महिने सांगितले होते. त्याला एक पायरीसुद्धा चढता येत नव्हती, आणि हॉस्पिटलच्या जवळ तळमजल्यावर खोली मिळवणं काय असतं, हे दिल्लीत राहणाऱ्याला सांगायला नको.

रविवारी दुपारी दोनला बैठक ठरली. अध्यक्षांनी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात एक खोली मिळवली होती. समितीच्या अकरापैकी नऊ सभासद आले. शिवाय नोएडाच्या एक बाई होत्या. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, पंधरा वर्षं दिल्लीत, नोएडात स्वतःचा फ्लॅट. दर रविवारी खोल्यांवर जाऊन त्या रुग्णांना काय हवं-नको बघत. पण समितीत नव्हत्या. समिती फक्त केंद्र सरकारी नोकरांची, असा मंडळाचा नियम होता.

एका उत्साही सभासदाने पाच वर्षांची योजना आणली होती. चाराच्या बारा खोल्या, रुग्णवाहिका, स्वतःची इमारत. प्रत्येक कामापुढे एकेकाचं नाव. सगळ्यांना योजना आवडली. मी मात्र माझा कागद फिरवला. त्यावर सभासदांची नावं होती आणि समोर एकच रकाना: ‘दिल्लीत कधीपर्यंत?’

‘‘हे काय, जनगणना?’’ कोणीतरी हसलं.

‘‘खरं लिहा,’’ मी म्हटलं.

कागद परत यायला वीस मिनिटं लागली. कोणाची बदली जूनमध्ये ठरलेली, कोणाची तीन वर्षं संपत आलेली. अध्यक्ष आठ महिन्यांनी निवृत्त होऊन नाशिकला जाणार. दोघांनी नुसतं ‘सांगता येत नाही’ लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं. बारा खोल्यांच्या योजनेतली बहुतेक नावं दोन वर्षांतच दिल्लीबाहेर होती.

अध्यक्षांनी कागद मागून घेतला, चष्मा वर केला. ‘‘चिटणीस, यात तुमची ओळ कुठंय?’’

‘‘राहिली वाटतं,’’ मी म्हणालो.

राहिली नव्हती. ऑगस्टमध्ये मी पुण्याला बदलीचा अर्ज दिला होता. आई तिथे एकटी असते. घरी मला आणि बायकोलाच ते ठाऊक होतं. इतरांना खरं लिहायला सांगताना मी स्वतःला कागदाबाहेर ठेवलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पेन घेतलं आणि सर्वांत खाली लिहिलं: ‘मार्चपर्यंत नक्की. बदलीचा अर्ज दिला आहे.’

‘‘वा रे वा! आम्हाला विचारतोय कधी निघता, आणि स्वतः गाडीत बसलाय!’’ शेजारचा म्हणाला. त्यात थट्टा कमीच होती.

साडेतीन वाजले होते. अध्यक्ष नोएडाच्या बाईंकडे वळले. ‘‘मॅडम, तुम्ही तर इथल्याच झालात. तुम्ही कराल का सही?’’

‘‘माझी सही चालेल?’’ त्या म्हणाल्या. ‘‘मत चालत नाही माझं. सही चालेल?’’

अध्यक्षांनी हातातला कागद खाली ठेवला.

‘‘करते मी. पण पाच वर्षांची नाही. कंपनीचं काय होईल ते देवाला ठाऊक, पण मुलगी नववीत आहे, तीन वर्षं मी हलत नाही. तीनची करते. आणि मला समितीत घ्या. ओवाळायला बोलावता तसं नको, मतासकट.’’

‘‘अहो, नियम आहे,’’ एक ज्येष्ठ सभासद म्हणाले.

‘‘बिल्कुल असेल. दाखवा ना.’’

मी पिशवीतून मंडळाच्या घटनेची पुस्तिका काढली. दोनदा चाळली. तसा नियम नव्हताच. दोन तृतीयांश मतांनी कोणालाही समितीत घेता येईल, एवढंच लिहिलं होतं. पूर्वी इथे सरकारी नोकरीतलेच मराठी लोक जास्त, म्हणून समितीत तेच, आणि पुढे तोच नियम समजला गेला. मी घरचं वीजबिल दोनदा तपासतो, पण चार वर्षं चिटणीस असून ही आठ पानं वाचली नव्हती.

नवापैकी सहा मतं हवी होती. पाच हात लगेच वर झाले. सहावा होईना. ज्येष्ठ सभासद खिडकीकडे बघत होते. घड्याळात सव्वाचार. अध्यक्ष सहसा मत देत नसत, त्यांनी हात वर केला. ‘‘मी तर जाणाराच आहे,’’ ते म्हणाले, ‘‘जे राहणार आहेत त्यांच्या हाती द्या की.’’

चार चाळीसला मी फोन लावला. बाईंची सही, पण तीनच वर्षं म्हटल्यावर मालक भडकला. तेव्हा मी माझे आकडे पुढे केले. तिसऱ्या मजल्यावरची खोली वर्षातले जवळपास सात महिने रिकामी असायची, रुग्णांना जिने चढवतच नाहीत. ती कोचिंगवाल्यांना द्या, आम्हाला खालच्या तीन ठेवा. त्याने एकच विचारलं.

‘‘मैडम पक्का रहेंगी?’’

बाईंनी माझ्या हातून फोन घेतला. ‘‘रहूँगी जी. पता लिखिए मेरा.’’

तिथून मी आणि नोएडाच्या बाई सरळ मुनिरक्याला गेलो. तळमजल्याचं दार उघडंच होतं. मालकाचा निरोप लातूरच्या बाईंच्या कानावर आधीच गेला होता. भांडी पोत्यात भरून, तोंड सुतळीने बांधून ठेवलं होतं. नवरा पलंगावर पडून आमच्याकडे बघत होता.

‘‘राहायचंय तुम्हाला इथेच,’’ मी म्हटलं. ‘‘तीन वर्षांची सही होतेय खोलीची.’’

‘‘तीन वर्षं?’’ बाई घाबरल्याच. ‘‘एवढं नगं हो. डॉक्टरनी सात महिने सांगितलंय, तेवढ्यातच बरे होऊ द्या यांना.’’

आणि त्या सुतळीची गाठ सोडायला बसल्या.