टीनाच्या मानेवरचा डाग

सौंदडच्या ईश्वरदासचं किराणा दुकान आणि घर एकाच छपराखाली आहे. त्यामुळे त्याची मुलगी टीना शाळेतून आली की दुकानातल्या बरणीतून शेव आणि फ्रीजमधून थंड्याची बाटली काढायची. दहावीत जाईपर्यंत तिच्या मानेवर, मागच्या बाजूला, काळपट जाडसर डाग आला. आई देवकाबाईनं तो आधी बेसन-लिंबानं, मग टाचा घासायच्या वजरीनं घासला. कातडी सोलली, डाग राहिला. पोरगी नीट आंघोळ करत नाही, असं घरात ठरलं. टीना भर मे महिन्यातही मानेभोवती ओढणी गुंडाळून फिरायची.

शाळेत तपासणीला चंचल सिस्टर आल्या. त्यांनी वजन घेतलं, कमरेला टेप लावला, बीपी मोजला आणि टीनाला ओढणी काढायला लावली. घरी आल्यावर टीना आईला एवढंच म्हणाली, "हा मळ नाही होय. अंगातली शुगर बिघडून राहिली, त्याचा डाग होय."

देवकाबाईनं वजरी परसात फेकली आणि त्या संध्याकाळी लेकीचे केस विंचरायला बराच वेळ लावला.

बीपीही जास्त होता, म्हणून ईश्वरदासला शाळेत बोलावलं. मशीन खराब आहे, हे तो घरूनच ठरवून आला होता. त्याच्या आग्रहावरून सिस्टरनी मुख्याध्यापकांचा बीपी मोजला. तो बरोबर निघाला. मग ईश्वरदासनं स्वतःची बाही वर केली. सिस्टरनी आकडा पाहिला, दुसऱ्या दंडावर पुन्हा मोजला.

"काकाजी, डोकं दुखते का?"

"रोजच दुखते. गिऱ्हाइकं तशीच आहेत."

त्याच दुपारी त्याला गोंदियाला पाठवलं. तिथंही आकडा तोच आला. दोन्ही मशिनी एकाच कंपनीच्या असतील, असं त्यानं डॉक्टरांना सुचवलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि असंच राहिलं असतं तर लकवा मारला असता, असं सांगितलं. घरी येऊन तो टीनाला म्हणाला, "तुयापायी वाचलो मी." मग हात धुऊन जेवायला बसला. भाजीत मीठ नव्हतं. तो तशीच खाऊन उठला.

टीनाच्या रक्ततपासणीत डायबिटीस निघाला नाही, पण तो फार लांबही नव्हता. थंडा बंद झाला. बापलेक सकाळी स्टेशनच्या रस्त्यानं चालायला लागले. वर्षभरात तिचा बीपी ठिकाणावर आला. शुगर अजून दर सहा महिन्यांनी तपासावी लागते. चालताना ईश्वरदास मागे पडतो आणि वळणावर थांब म्हणून हाक मारतो. ती थांबत नाही.