सोलवाले भावजी

धाडकन आवाज झाला, माळ्यावरचा तो काळा स्पीकर खाली ताटाळ्यावर पडला, सगळी ताटं फरशीवर, सासूबाई किंचाळल्या, मी हातातलं उलथनं टाकून पळाले, तर पाळण्यात माझं बाळ गाढ झोपलेलं. हललं पण नाही. नाकापुढं हात धरला, श्वास चालू होता.

स्पीकर भावजींचा. ह्यांचे आतेभाऊ, आमच्याकडंच राहायचे, आणि असला विचित्र माणूस अख्ख्या बेंगळूरात दुसरा नसेल, शपथेवर सांगते. दिवसभर इलेक्ट्रॉनिक सिटीत कंपनीत तारा डाग देऊन जोडायचे आणि घरी आले की धडधड सुरू. प्रत्येक कॅसेटवर गाण्याच्या जातीची चिठ्ठी, हे हाउस, हे टेक्नो. एकच कॅसेट आज हाउस, उद्या टेक्नो, परवा परत हाउस, चिठ्ठीवर चिठ्ठी बसून शेवटी ती टेपमध्ये शिरेनाच! घरातल्या आवाजांनाही तसलीच नावं, आमच्या मिक्सरला अ‍ॅसिड म्हणायचे आणि सासूबाईंच्या घोरण्याला अ‍ॅम्बियंट. मी सातवी शिकलेली, मला सगळं सारखंच. एकदा म्हटलं, "भावजी, ही मशीनची कटकट, ह्यात गाणं कुठाय?" तर ताटावरून उठले की हो. "असं म्हणू नका वहिनी! नावं सगळी नंतरची. मूळ सोल, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, चर्चमध्ये रडून गायलेलं. मोटारीच्या कारखान्यांच्या गावात त्यांच्याच पोरांनी ते मशीनवर घातलं. तळाशी माणूसच गातोय." सासूबाई म्हणाल्या, "तळाशी गाऊ दे त्याला, वर आमटी निवतेय."

तर त्या दिवशी हेच भावजी पाळण्याशी बसले, बाळाच्या कानाशी टाळी वाजवली, परत वाजवली, आणि हळूच म्हणाले, "वहिनी, ह्याला ऐकू येत नाही वाटतं." मला त्यांचं तोंड फोडावंसं वाटलं. डॉक्टरपण तेच म्हणाले, जन्मापासूनच. पण घरात डॉक्टरचं कोण ऐकतंय? सासूबाईंनी ठरवलं, भावजींच्याच त्या डब्यानं पोराचे कान गेले. ह्यांनी कॅसेटी अंगणात फेकल्या. भावजी त्या वेचून घेऊन घर सोडून गेले. त्यानंतर घर असं गप्प झालं, आणि मला रोज टोमणा, "तुझा लाडका भावजी."

काल दुपारी फाटकाशी आले. हातात सेलवर चालणारा टेप, खांद्यावर छोटा स्पीकर. "स्वल्प वेळ वहिनी. नुसता हात टेकवू दे त्याला ह्याच्यावर. हाताला कळतं."

मागून सासूबाई, "हा आत आला तर मी धाकट्या लेकाकडं चालले. आणि तू माहेरी जा, पोराला घेऊन!"

हे ड्यूटीवर. माहेरी कोण आहे माझं? मी फाटक उघडलं नाही. पोराला फाटकावरून उचलून भावजींच्या हातात दिलं.

त्यांनी टेप लावला आणि त्याचा तळवा स्पीकरवर धरला. पोरगं आधी दचकलं, मग दुसरा हातही ठेवला, गाल टेकवला आणि असं खिदळलं की तोंडातनं लाळ गळली. उन्हात उभे राहून भावजी ओठ दाबून आकाशाकडं बघत होते. एवढा बडबडा माणूस, पण कुठलं गाणं ते सांगितलं नाही.

आत सासूबाईंची ट्रंक ओढल्याचा आवाज येत होता, आणि हे यायची वेळ झाली होती. मला पोराला परत घ्यायला हात पुढं करवेना. तुम्ही सांगा, तुम्ही काय केलं असतं?