बेनेडिक्टकाकांचे सहा पांढरे शर्ट

नंदाखाल गावातल्या आमच्या आळीत सगळ्यांचे कपडे मीच शिवते, आणि कपड्यांबाबत कुणी विचारलं नाही तरी सल्ला देते. हा स्वभाव मला एकदा चांगलाच नडला.

शेजारचे बेनेडिक्टकाका चौऱ्याहत्तरीचे. जन्मभर केळीची वाडी केली, वाडी विकल्यावर घरी बसले आणि हळूहळू सगळंच विसरायला लागले. मे महिन्यात स्वेटर चढवून घामाने निथळत बसायचे, डिसेंबरात उघड्या अंगाने ओट्यावर. कपाट उघडलं की गोंधळायचे, मग चिडायचे. त्यांची बायको, रोझलीनकाकी, रोज सकाळी अर्धा तास झटापट करून त्यांना कपडे घालायची. ज्या माणसाने कधी पाण्याचा तांब्यासुद्धा दुसऱ्याला उचलू दिला नाही, त्याला पोरासारखे हात वर करायला सांगायचं. काकी रडायची ती ह्याच्यामुळे.

मुलगा रॉबर्ट पुण्याला. त्याने फोनवर बजावलं होतं, “मम्मी, तुझ्याने हे होणार नाही. पप्पा एकदा जरी एकटे बाहेर गेले ना, तर मी त्यांना आश्रमात ठेवणार. फॉर्म भरून ठेवलाय.” त्या फॉर्मची काकीने इतकी धास्ती घेतली होती की फोन वाजला तरी दचकायची.

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, कपाटात निवडायला काही ठेवायचंच कशाला? सहा शर्ट शिवले, सगळे सुती, सगळे पांढरे. बाह्या लांब, उकडलं तर दुमडता येतील. बटणं नुसती दाखवायला, आत वेल्क्रोची चिकटपट्टी. इलॅस्टिकच्या तीन राखाडी पँट. थंडीसाठी वरून घालायच्या दोन बंड्या. कुठलाही शर्ट, कुठल्याही पँटवर, कुठल्याही महिन्यात. चूक करायला जागाच ठेवली नाही. जुन्या कपड्यांचं गाठोडं काकीने मला दिलं, त्याची मी पायपुसणी करून टाकली. पांढराच रंग का, तर तो सगळ्यावर जातो. एवढाच माझा विचार.

सोमवारी पहाटे काकी धावत माझ्या दारात आली. “सालोमी, आपले आपन तयार झाले गं. केस पन विंचरले.” तिचे डोळे भरून आले होते. मी तिच्याबरोबर कौतुक बघायला गेले, तर घरात कुणीच नव्हतं.

काकी आधी बावखळाकडे पळाली. आमच्या घरांमागचं ते तळं शेवाळाने हिरवं असतं, आत काय आहे ते दिसत नाही. ती काठावर उभी राहून पाण्याकडे बघत होती. मी रस्त्याला धावले. त्या वेळी पाण्याचे टँकर तिथून कसे सुसाट जातात ते मला माहीत आहे. शेवटी फादरच काकांना हाताला धरून घेऊन आले. चर्चमध्ये रोज सकाळी मिस्सा, म्हणजे प्रार्थना असते, तिथे काका आपल्या नेहमीच्या बाकावर बसले होते म्हणे.

मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी काकीने कुलूप घातलं, तर काकांनी दार बडवून मनगट सुजवून घेतलं. हे सगळं कुणीतरी रॉबर्टला कळवलं. शनिवारी सकाळी येतो, म्हणाला. काकीने जेवण सोडल्यातच जमा होतं.

गुरुवारी मी पहाटेच त्यांच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. काका पांढऱ्या शर्टात दारात आले आणि आत तोंड करून म्हणाले, “रोझलीन, घंटा झाली. चल.” आतून गाऊनमधली काकी केरसुणी घेऊन आली. “कुठं?” काका तिच्याकडे रागाने बघून एकटेच निघाले.

मला तिथल्या तिथे कळलं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. केळीचा चीक कपड्यावर पडला की काळा डाग जन्मात जात नाही. वाडीत राबणारा माणूस आठवडाभर मळकट चौकड्यांचे शर्ट घालतो. पांढरा निघतो फक्त रविवारी, मिस्सेला जायला. हे मला ठाऊक नव्हतं? ह्याच लोकांचे कपडे मी पंचवीस वर्षं शिवते. तरी मी काकांचे सातही दिवस रविवार करून ठेवले होते.

त्यांना अर्ध्या वाटेवरून परत आणलं आणि काकीला म्हटलं, “ते शर्ट दे. आजच्या आज चॉकलेटी रंगवते.”

काकीने शर्ट मांडीवर घेतले, पण दिले नाहीत. म्हणाली, “नको. बाकीच्या दिवशी ते वाडी शोधतात. एकदा मी त्यांना तिथं घेऊन गेले होते, तर नव्या मालकाच्या कंपाउंडला धरून रडले. आनि मला विचारतात, बाई तू कोन? ह्या चार दिवसांत रोज नावाने हाक मारली त्यांनी.” मग म्हणाली, “मला शिव. शिवलेली साडी असते ना, परकरासारखी पटकन चढवायची, तसल्या तीन. थंडी-पावसात चालतील अशा. ते थांबत नाय. मीच तयार पायजे.”

बाकीच्यांची कामं बाजूला सारून मी दोन दिवसांत तिन्ही शिवल्या.

शनिवारी साडेसातला रॉबर्ट आला. घराला कुलूप बघून त्याचा चेहरा उतरला. “पप्पा गेले ना एकटे?” मी काही बोलायच्या आत ती दोघं वळणावरून आली. काका त्याच्यासमोर थांबले आणि बघत राहिले.

“रॉबर्ट,” काका म्हणाले, “मिस्सा चुकवलीस. रविवारी तरी लवकर उठायला पायजे.”

वर्षभरात त्यांनी त्याला ओळखलं नव्हतं. आज शनिवार आहे असं सांगायला त्याने तोंड उघडलं, काकीकडे पाहिलं, आणि म्हणाला, “सॉरी, पप्पा.”

जाताना त्याने फॉर्मचा विषय काढला नाही. पण फाडलाही नाही, हे काकीला कळतं आणि मलाही.

ह्याला आठ महिने झाले. पाऊस झाला, थंडी झाली. काकीला एक दिवसही उशीर झालेला नाही. चार वाजता जागी होते, साडी चढवते आणि काकांना जाग येईपर्यंत खुर्चीत बसून राहते. परवा साडीचं इलॅस्टिक घट्ट करायला आली तेव्हा तिचा हात मला गरम लागला. म्हणाली, “सालोमी, एखाद्या दिवशी मी उठले नाय तर ते कोनाला हाक मारतील?”

“काहीतरीच बोलतेस काकी,” मी म्हटलं. ती गेल्यावर स्वतःसाठी तसलीच एक साडी शिवायला घेतली, आणि इस्त्री करून दारामागे टांगून ठेवली.