आठवी बंडी

करीमचाचा गेल्याचं सलमानं, त्यांच्या मुलीनं, फोनवर सांगितलं त्याला पाच आठवडे झाले. तेव्हापासून मी हातातलं काम अर्धवट टाकून उठते, खिडकीपर्यंत जाते, परत येते... म्हणून तुम्हा दोघा नातवंडांसाठी लिहायला बसले. तुमच्या तिकडे गाडी रेषेवर येऊन थांबली की सिग्नलला आपोआप कळतं म्हणता. साठ सालच्या सुमारास नेरला ते काम एक सायकल दुरुस्त करणारा माणूस करत असे.

गाव आणि कापसाचा बाजार नाल्याच्या अलीकडे, दवाखाना पलीकडे, मध्ये एकच बंडी, म्हणजे बैलगाडी, मावेल एवढा पूल. हंगामात दोन्हीकडून बंड्या शिरत आणि मधोमध अडकत. पलीकडच्या तोंडाशी चाचांचं दुकान होतं. त्यांनी दोन्ही टोकांना सायकलच्या साखळीवर फिरणाऱ्या लाल-हिरव्या पत्र्याच्या पाट्या बसवल्या. अलीकडच्यानं तार ओढली की दुकानात घंटी वाजे आणि चाचा खिळ्यावर एक वायसर, नटाखालची लोखंडी चकती, अडकवत. कुणी थांबलंय हे विसरायला नको. बंड्यांत खंड पडला की पाटी फिरायची. खंड पडलाच नाही तर वायसर अडकवल्यापासून सात बंड्या सोडायच्या. आठवी कुणाचीही असो, थांबायची.

"सातच काहून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं होतं.

"बाई, आठव्या बंडीले बैल कावते. मानसं तं पाचव्यालेच कावते."

सलमा माझ्याकडे इंग्रजी शिकायला येई. माझे दिवस भरत आले होते तेव्हाची गोष्ट. एका सकाळी मी तिच्याबरोबर चाचांना चिठ्ठी पाठवली : आज आमचा कापूस येतोय, बंडी पुलावर अडवू नका. त्याच दुपारी मला कळा सुरू झाल्या. मला दवाखान्यात नेणारी आमची दमणी, छपराची छोटी बैलगाडी, पुलाशी आली, गाडीवानानं तार ओढली. मी आतून बंड्या मोजत होते. सात झाल्या. पाटी फिरली नाही. आठवी पुलावर आली आणि मध्येच तिचं चाक निखळलं. ती आमची होती.

कापूस उतरवून वाट मोकळी होईतो तुमची आत्या दमणीतच जन्मली, आणि गेली. तुम्हाला एक आत्या होती, हे तुमच्या बाबांनीही कधी सांगितलं नसेल. वेळेवर पोचलो असतो तर...?

बड्या घरची बंडी पाहून करीम भुलला, असं गाव म्हणालं. तुमच्या आजोबांनी त्यांना भर बाजारात झापलं. चाचा एवढंच म्हणाले, "चुकलं मायं, भाऊसाहेब." चिठ्ठीबद्दल अवाक्षर नाही. मी महिनाभर अंथरुणात होते, आणि नंतरही गप्प राहिले. एकदा सांगायचं ठरवून दुकानात गेले, तर माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत ते म्हणाले, "सलमाचा धडा कुठवर आला, बाई?" आणि चाक फिरवत बसले.

आजोबा गेले, तोवरही मी सांगितलं नाही.

परवा सलमानं एक डबी पाठवली. आत एक वायसर, आणि घडीवर फाटत आलेली माझ्या अक्षरातली चिठ्ठी. सलमानं काही विचारलेलं नाही. वायसर मी टेबलासमोरच्या खिळ्याला अडकवलाय. हे लिहून झाल्यावर काढीन म्हटलं होतं. दोनदा उठले... तो अजून तिथेच आहे.