कोन उना?

हाडांच्या वॉर्डातले पेशंट घरी जातात, किस्से मात्र इथेच राहतात. जळगावच्या आमच्या वॉर्डात मला वीस वर्षं झाली. चहाला बसलं की आम्ही सिस्टर लोक हेच उगाळत बसतो.

* * *

नवी सिस्टर कोल्हापूरची. एक आजी तिला म्हणाली, "मना टोंगया दुखस व माय." हिने फॉर्मवर लिहिलं, 'नातू टोंग्या आजारी आहे.' अहो, टोंगया म्हणजे आमच्याकडे गुडघा! सगळा वॉर्ड हसला. आजीला ना नातू, ना मूल, पण तीही हसली.

* * *

वयानुसार उंची किती घटली, हे आम्हाला विचारावं लागतं. एका अक्कांना विचारलं, "पूर्वी उंची किती होती?"

"धनीना खांदापावत व्हती."

"आणि आता?"

"आते धनीच नही. मंग कशाले मोजस?"

मी तो रकाना तसाच सोडला.

* * *

दुसऱ्या एक अक्का खुर्चीत बसायलाच तयार नाहीत. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का, ते बघायचं होतं. पण समोरच्या कॉटवर त्यांचे थोरले दीर! अक्का पदर ओढून जमिनीवर बसल्या आणि हात न टेकता ताडकन उठल्या. कोल्हापूरकरीणबाईंनी लिहिलं, 'खुर्चीतून उठतात का, माहीत नाही. बसतच नाहीत!'

* * *

आमच्या इनचार्ज मंदाताई एकदा नव्या मुलींना शिकवत होत्या, "म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात, मणके दबतात, स्नायू सुकतात..."

मागून चोपड्याचे आबा बोलले, "आन मानूस सुकस, ते कोठे लिखेल शे?"

* * *

हे आबा खुब्याच्या ऑपरेशनला आलेले. घरी एकटे. मुलगा सुरतेला, महिनाभरात एकदाही फिरकला नाही. आधाराविना उठले तर चोपड्याला घरी, नाही तर धुळ्याचा वृद्धाश्रम. मुलाने फोनवरच जागा सांगून ठेवलेली. आबांना घरीच जायचं होतं.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "आबा, उठा."

"कोन उना?"

"कोणी आलं नाही. टेस्ट आहे."

"मंग उठू कोनासाठे?"

थट्टा केली खरी, पण नंतर रोज जीव खाऊन प्रयत्न करायचे. अर्धे उठायचे आणि धपकन बसायचे. मला बघवायचं नाही.

शेवटच्या दिवशी मंदाताई फॉर्म घेऊन उभ्या. धुळ्याची गाडी खाली आलेली. आबा दोनदा पडता पडता बसले. माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, तुमना पोऱ्या उना!"

आबा उठले. हात कुठेच टेकले नाहीत, वर टोपीही नीट केली. मंदाताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं, 'आधाराविना उठतात. घरी सोडावे.'

"बसा आता, आबा," मी म्हटलं.

आबा रिकाम्या दाराकडेच बघत होते. खुर्ची त्यांनी हाताने पुढे सरकवली.

"त्याले बसू दे, सिस्टर. सुरतथीन उना तो."