राजीनामा दिला समजा

भोपाळमध्ये तेव्हा खेळ म्हणजे हॉकी, बाकी सगळा पोरखेळ. राज्यांची नवी जोडणी झाली, नागपूरची राजधानी गेली आणि तिथले कारकून बायकापोरं, ट्रंका, पाटेवरवंटे घेऊन इकडे आले. त्यात आम्हीही होतो. नागपूरला शाळेत मी बास्केटबॉल बरा खेळायचो. इथं कॉलेजात त्याबद्दल विचारलं तर एकजण म्हणाला, "टोकरी में गेंद डालना? वो तो लड़कियों का खेल है, खां." खां ही इथं ज्याला त्याला मारायची हाक.

पण कॉलेजच्या खेळाच्या मास्तरांनी टीम उभी करायचं मनावर घेतलं. जुन्या शहरातला, उर्दूत वाढलेला माणूस. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मुलं गोळा करायची त्यांची तऱ्हाच न्यारी. कॉलेजच्या फाटकाच्या खांबावर त्यांनी खडूनं एक रेघ मारली आणि रोज सकाळी तिथं उभे राहू लागले. ज्याचं डोकं रेघेवर जाई त्याचं मनगट धरायचं, तो नाही म्हणाला तरी सोडायचं नाही. असा रीव्याकडचा एक ताडमाड मुलगा मिळाला, त्याला धावता येत नव्हतं. हॉकीतून काढलेला एक पठाण मिळाला, तो चेंडू काखोटीला मारून पळत सुटायचा. मी उंचीत बसत नव्हतो, पण या दोघांना चेंडू पोचवणारं कुणीतरी हवंच होतं. उस्तादांनी मला घेतलं आणि आम्ही चक्क खेळायला लागलो. नव्या गावात मला आपलं म्हणावं असं तेवढंच होतं.

घरी वेगळंच वातावरण. बाबा सचिवालयात होते. ठिकठिकाणचे कारकून एकत्र आलेले, कोण वरचा नि कोण खालचा हे ठरायचं होतं. नागपूरला बाबांच्या हाताखाली शिकलेले आता त्यांच्या वर बसणार अशी बोलवा होती. "इथं आपल्याला कुत्रं विचारत नाही," हे वाक्य रोज पहिल्या घासाबरोबर ताटात पडायचं.

उज्जैनला सामने होते, त्याच्या आदल्या आठवड्यात सरावाला मी पठाणावर ओरडलो. उस्तादांनी शिट्टी वाजवून मला बाहेर बसवलं. निघताना म्हणाले, "को खां, तुम्हारा राज़ीनामा नहीं आया अभी तक? कल घर पे बोल के ले आना."

मी सायकल हातात धरून घरी आलो. जरा ओरडलो काय, थेट राजीनामा!

बाबांनी ऐकलं आणि ताठ झाले. "मागतात? मग देऊन टाक. कागद कशाला काळा करायचा? तोंडीच सांग. दिला समजा म्हणावं."

आई म्हणाली, "अहो, एकदा जाऊन विचारा तरी."

"मी? सचिवालयातले उंबरठे झिजवतोय तेवढे पुरेत."

दुसऱ्या दिवशी मी उस्तादांसमोर उभा राहिलो. "पिताजी ने कहा है, राजीनामा दिया समझिए."

त्यांनी पाठीवर थाप मारली. "शाबाश! वालिद साहब को हमारा सलाम कहना."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हाकलायचं ते हाकलायचं आणि वर सलाम! मी मैदानाकडे फिरकलो नाही. टीम उज्जैनला गेली आणि पहिलाच सामना हरून परत आली.

सायकल स्टँडपाशी पठाणानं माझी कॉलर धरली. "धोखा दे गए, खां. गाड़ी छूटने तक मैं दरवाज़े में लटका रहा तुम्हारे वास्ते."

"मुझसे तो राजीनामा माँगा था!"

"तो? सबसे माँगा था. घरवालों की मंज़ूरी बग़ैर बाहर कैसे ले जाते?"

मी त्याला सांगितलं, तुमच्या उर्दूत राजीनामा म्हणजे संमती असेल, आमच्यात तो सोडून जाताना देतात. तो आधी खूप हसला. मग त्यानं कॉलर सोडली आणि मला उस्तादांकडे नेलं.

उस्तादांनी कपाळाला हात लावला. "मैं तो समझ गया, बेटे. मगर लड़के जले बैठे हैं, कहते हैं नागपुरवाला भाग गया. वालिद साहब एक दफ़ा मैदान पे आ के कह दें कि लड़का हमारी मर्ज़ी से खेलेगा. जगह तुम्हारी."

मी सायकल हाणत घरी गेलो. बाबा नुकतेच ऑफिसातून आले होते. सगळं सांगितलं. मला वाटलं ते हसतील, कारण गंमतच होती ती. ते हसले नाहीत.

"राजीनामा म्हणजे राजीनामा. त्यांच्यासाठी आपण आपली भाषा बदलायची?"

आईनं त्यांच्या वहाणा दारात आणून ठेवल्या. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाबा, नुसतं हो म्हणायचंय."

"इथं आल्यापासून ज्याला त्याला होच म्हणतोय," ते म्हणाले. "एकदा तरी नाही म्हणू दे."

बाबांची तेव्हा काय दशा होती हे मला आता कळतं. कळून राग जातो असं जे म्हणतात ते खोटं आहे. साहेबाला नाही म्हणता आलं असतं, बदलीला आलं असतं. पण नाही म्हणायला त्यांना अख्ख्या भोपाळात माझीच जागा सापडली.