तीनदा खाली आलेली गाडी

इथे कुणी अनुभव लिहिला की खाली 'पाल असेल', 'ॲसिडिटी झाली असेल' अशी उत्तरं देणारा एक शहाणा असतो ना... तो मीच. माझा आजही असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. त्यामुळे हे लिहिताना मला अंगावर काटा वगैरे येत नाहीये, नुसती चिडचिड होते आहे. पण वर्ष होत आलं आणि मला उत्तर सापडत नाही.

मी कोथरूडला राहतो. सोसायटीतली आमची इमारत शेवटची, आणि तिच्यासमोर कंपाउंडच्या भिंतीलगत माझी जीप उभी असते. जुनी फोर बाय फोर घेऊन मी ती चार इंच उंच करून घेतली आहे. मोठे टायर, लांब स्प्रिंगा, सगळं. डोंगरात ती कुठेही जाते. फक्त आईला तिच्यात चढायला प्लॅस्टिकचं स्टूल लागतं, आणि त्या स्टुलावरून माझी बायको मृणाल मला जे ऐकवते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशा उंच गाडीला साधा जॅक पोचतच नाही. मी त्याच्याखाली लाकडी ठोकळा ठेवतो. आणि गाडी उचलली की ॲक्सलखाली घोड्या लावायच्या, म्हणजे लोखंडी तिवया. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जायचं नाही, हे मी आमच्या ऑफरोडिंगच्या ग्रुपवर नवीन लोकांना दर आठवड्याला सुनावत असतो. हो, मीच.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सकाळी सातला आईला घेऊन भोरला निघायचं होतं. मावशी अंथरुणाला खिळली होती आणि आईची तिची तीन महिने भेट नव्हती. आणि नेमका गाडीच्या मागच्या डाव्या बाजूने खडखड आवाज यायला लागला होता. शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट ढिला झाला होता. चाक काढायचं, खाली झोपायचं, बोल्ट आवळायचा. अर्ध्या तासाचं काम.

आता माझा मूर्खपणा ऐका. आदल्या दिवशी आईने पूजेसाठी हत्यारं मागितली, तेव्हा मी उत्साहाने ड्रिल, करवत, हातोडी आणि दोन्ही घोड्यासुद्धा घासूनपुसून तिच्या हवाली केल्या. जॅक आणि पाने तेवढे गाडीत राहिले. नवमीला सकाळी अकरा वाजता मी घोड्या घ्यायला गेलो, तर त्या पाटावर हळदकुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून बसलेल्या.

"पूजेतली हत्यारं आज उचलत नाहीत," आई म्हणाली. "उद्या सीमोल्लंघन झालं की घे."

मी वाद घातला नाही. म्हटलं, सणाच्या दिवशी कटकट नको, जॅकवर उरकून टाकू. दीड-दोन टनांची गाडी, खाली माझी छाती, आणि मी म्हणतोय उरकून टाकू.

हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, पुढच्या चाकांना दगड लावले, मागच्या चाकाचे नट सैल केले. ठोकळा, त्यावर जॅक, जॅक ॲक्सलखाली. चाक जमिनीपासून चार बोटं वर आलं. अंगाखाली घ्यायला पुठ्ठा हवा होता म्हणून जिन्याखाली गेलो, मिनिटभरात परत आलो, तर चाक जमिनीवर! जॅकचा दांडा पूर्ण आत, पण तेल सोडायचा स्क्रू घट्ट. मीच आवळला होता तसा. जॅक गळतोय म्हणावं तर तेलाचा एक थेंब नाही.

पुन्हा उचललं. या वेळी तिथेच पाच मिनिटं बघत बसलो. ढिम्म हललं नाही. नट काढायला पाना घ्यावा म्हणून मागे वळलो, पुन्हा चाकाकडे बघतो तर ते जमिनीवर. आवाज नाही, धक्का नाही. एवढी गाडी खाली येते तेव्हा निदान स्प्रिंगा तरी करकरतात हो.

माझं डोकं फिरलं. वॉचमनला दोन शब्द सुनावले, तो बिचारा गेटवर कुरिअरवाल्याची नोंद करत होता. एवढ्यात सेक्रेटरी आले आणि पार्किंगमध्ये दुरुस्ती करू नये असा बोर्ड आहे, तो आपण वाचला असेलच, असं म्हणून निघून गेले.

तिसऱ्यांदा मृणालला बोलावून चाकासमोर उभं केलं. म्हटलं, डोळे हलवू नकोस. मी गाडीच्या पलीकडून टॉर्च घेऊन आलो. चाक खाली होतं.

"अजित, मी बघत होते," ती म्हणाली. "सगळा वेळ बघत होते. खाली कधी आलं, मला नाही सांगता येत."

मला भीती वाटली नाही, संताप आला. तरातरा वर गेलो आणि पाटावरच्या दोन्ही घोड्या उचलल्या. फुलं खाली पडली. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी त्या घेऊन खाली आलो.

चौथ्यांदा गाडी उचलली, घोड्या लावल्या. चाक काढून बाजूला ठेवलं. या वेळी काहीही झालं नाही. मी खाली शिरलो, बोल्टला पाना लावून जोर दिला, आणि कानाशी फटाका फुटावा तसा आवाज झाला. जॅकखालचा ठोकळा उभा चिरला होता. जॅक आडवा पडला आणि गाडी बोटभर खाली येऊन घोडीवर बसली. चाक काढलेलं होतं. घोडी नसती तर त्या बाजूला दुसरा कसलाच आधार नव्हता.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जे पुन्हा घडवून दाखवता येत नाही, त्यावर मी बोलत नाही. दसऱ्यानंतर नवा ठोकळा घेऊन, तोच जॅक, तीच जागा, तीच वेळ, असं वीस वेळा करून पाहिलं. एकदाही चाक खाली आलं नाही. मेकॅनिकने जॅक उघडून पाहिला, म्हणाला ठणठणीत आहे. एकदा शनिवारी उचललेली गाडी सोमवारपर्यंत तशीच ठेवली, तसूभर हलली नाही. सीसीटीव्हीत फक्त मधला खांब दिसतो, सोसायटीने कॅमेरा त्या खांबाच्या सुरक्षेसाठीच बसवला असावा. मग मला सांगा, त्या तीन वेळा काय झालं? आणि कुणी केलं असेल, तर त्याचे आभार मानायचे कुणापाशी?

त्या दुपारी आई जेवली नाही. आवाज ऐकून ती खाली आली होती, घोडीवर टेकलेला ॲक्सल तिने पाहिला होता. संध्याकाळी मला म्हणाली, "तीनदा तुला कुणीतरी अडवलं. मी आई असून मला एकदाही सुचलं नाही. मी तर घोड्याच धरून बसले होते."

मी तिला सांगितलं, जॅकमध्ये बिघाड होता. तिला पटलं नाही. मला तरी कुठे पटलंय.

उद्या पुन्हा खंडेनवमी आहे. पाट धुऊन झालाय, झेंडू आलाय, पण आईने अजून हत्यारं मागितली नाहीत. काल मी स्वतःच घोड्या घेऊन गेलो, तर म्हणाली, "राहू देत तुझ्याकडेच." माझ्याकडे त्या तीन वेळांचं एक धड कारण असतं, तर ते तिच्यापुढे ठेवून मी त्या पाटावर ठेवल्या असत्या. नाहीये. घोड्या गाडीत ठेवून आलो.